हॉकआय नक्की कुठे ठेवायचं? डोक्यावर ठेवलं तरी बुडतोय, पुढे ठेवलं तरी बुडतोय

अर्धवट_अ‍ॅडमिरल

मंडळी, आधीच सांगतो मी या प्रकारात नवा आहे. कमांड मॉडर्न ऑपरेशन्स हा युद्धाचा कॉम्प्युटर गेम सेलमध्ये घेतला, पहिले पंधरा दिवस कुठलं बटण कुठे आहे तेच शोधण्यात गेले, आता जरा हात बसलाय. सध्या मित्राने एडिटरमध्ये बनवून दिलेला सिनारिओ खेळतोय, साल १९८६, नॉर्वेजियन समुद्र. माझ्याकडे एक निमिट्झ क्लास कॅरियर म्हणजे विमानवाहू जहाज, दोन एजिस क्रूझर, चार-पाच किरकोळ जहाजं, २४ टॉमकॅट लढाऊ विमानं आणि चार ई-२सी हॉकआय, म्हणजे पाठीवर फिरती रडारची थाळी असलेली टेहळणी विमानं. समोरून कोला द्वीपकल्पाच्या बाजूने बॅकफायर (रशियन बॉम्बर) येतात, मित्र म्हणतो दोन रेजिमेंट आहेत, मी मोजले तेव्हा ३८ भरले.

पहिल्या वेळी हॉकआय बरोब्बर कॅरियरच्या डोक्यावर फिरवलं, म्हटलं सगळीकडे सारखं दिसेल. बॅकफायर दिसले, डेकवरून टॉमकॅट उडवायला घेतले, तिसरं चौथं उडेपर्यंत समोरच्यांनी मिसाइलं सोडून पाठ फिरवली होती. कॅरियरला सहा लागली, खेळ खल्लास.

दुसऱ्या वेळी शहाणपणा करून हॉकआय १५० मैल पुढे नेलं, सरळ उत्तर-पूर्वेला. तर या वेळी रशियनांनी कॅरियर इतक्या पटकन शोधलं की वाटलं यांना कोणी फोन करून सांगितलं का काय. शिवाय मधेच बघतो तर हॉकआयचा गस्तीचा बॉक्स पुढे असायचा तो कॅरियरच्या मागे, दक्षिणेला! मी हलवलेला नाही, शप्पथ. बग आहे का हा?

तर प्रश्न सरळ आहे, हे विमान नक्की किती लांब, किती उंच आणि कुठल्या दिशेला ठेवायचं? जाणकारांनी उजेड पाडावा. यूट्यूबवरचे व्हिडिओ तीन-तीन तासांचे आहेत आणि तो माणूस पहिला तास नुसता मेनू दाखवतो.

बॅटरी_लो

डोक्यावर ठेवू नकोस, हे पहिलं. का ते आकड्यांत बघ म्हणजे परत कोणाला विचारावं लागणार नाही.

हॉकआय उंचावरच्या मोठ्या विमानाला समज २५० नॉटिकल मैलांवर पकडतं. बॅकफायर केएच-२२ मिसाइल सोडतो ते धर १६५ मैलांवरून, व्हेरियंटप्रमाणे इकडे तिकडे होईल. म्हणजे दिसल्यापासून मिसाइल सुटेपर्यंत तुझ्या हातात ८५ मैल. तो सुपरसॉनिक येतोय, मिनिटाला १५ मैल पकड, झाली पावणेसहा मिनिटं. त्यात तू डेकवरून विमानं उडवणार? चहा गाळून होत नाही तेवढ्यात.

आता तेच हॉकआय १५० मैल पुढे. तो कॅरियरपासून ४०० मैलांवर असतानाच दिसला, सोडायच्या रेषेपर्यंत २३५ मैल, म्हणजे पंधरा मिनिटांच्या वर. आणि टॉमकॅट आधीच हवेत, हॉकआयच्या जरा पुढे उभे असतील तर त्यांच्या फिनिक्स मिसाइलचा पल्ला शंभर मैलांच्या आसपास, तू बॅकफायरला मिसाइल सोडायच्या आधी गाठतोस. केएच-२२ सुटलं की मॅक ४ च्या, म्हणजे आवाजाच्या चौपट वेगाच्या आसपास येतं, ते पाडत बसण्यापेक्षा ते आणणारा पाडलेला बरा.

उंची २५ हजार फूट ठेव. सूत्र सोपंय, फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढ, १.२३ ने गुण, उत्तर नॉटिकल मैलांत. २५ हजारचं वर्गमूळ १५८, म्हणजे क्षितिज १९४ मैलांवर. टार्गेटच्या उंचीचं पण असंच काढून त्यात मिळव. २५ च्या जागी ३० हजारावर नेलंस तर १९४ चे २१३ होतात, बास, एवढाच फायदा. उंची दुप्पट केली तरी नजर दीडपट पण होत नाही. उंचावरच्या बॅकफायरसाठी तर क्षितिजाचा प्रश्नच नाही, त्याच्या आधी रडारचीच ताकद संपते. उंची लागते ती खालून पाण्याला घासून येणाऱ्यांसाठी.

अर्धवट_अ‍ॅडमिरल

अरे वा, हे वर्गमूळवालं आवडलं. पण पुढे नेल्यावरच तर कॅरियर सापडलं ना त्यांना. ते कसं?

निवांत_नाखवा

त्याचं उत्तर मी देतो, जरा लांबड लागेल.

आमच्याकडे पहिल्या पावसात रात्री कुर्ल्या पकडायला जातात, हातात बत्ती घेऊन. ज्याच्या हातात बत्ती त्याला कुर्ली दिसते ती दहा-पंधरा पावलांवर. पण खाडीच्या पलीकडच्या गावात ओटीवर बसलेला म्हातारासुद्धा सांगतो, आज कोणतरी सड्याखाली उतरलाय. रडारचं अगदी हेच. तुझ्या रडारचा सिग्नल टार्गेटपर्यंत जाऊन, आपटून, परत यायला हवा, तेव्हा तुला दिसणार. ऐकणाऱ्याला तो एकदाच पोचला की झालं. म्हणून ज्याच्याकडे रडारचा आवाज पकडणारं यंत्र आहे, गेममध्ये ईएसएम म्हणतात ते, त्याला हॉकआयचा पत्ता हॉकआयला तो दिसायच्या पुष्कळ आधी लागतो. दिशा कळते, अंतर कळत नाही. पण दोन विमानांनी दोन जागांवरून दिशा घेतली की रेषा एकमेकींना छेदतात आणि अंतर पण कळतं.

आता तू काय केलंस? कॅरियरपासून सरळ धोक्याच्या दिशेला रेघ मारून त्या रेघेवर हॉकआय ठेवलंस. समोरच्याला हॉकआय ऐकू आलं, त्याला माहितीये की हे कॅरियरवरचं विमान, घरापासून दीड-दोनशे मैलांपेक्षा लांब जात नाही, मग तो त्याच रेघेत नाक खुपसून सरळ पुढे आला. फोन करून सांगितलं म्हणतोस ते खरंच आहे, फोन तूच केलास.

म्हणून लांब ठेव पण रेघेवर ठेवू नकोस. ३०-४० अंश बाजूला घे. आणि दर फेरीला बाजू बदल, एकदा उत्तरेकडे, पुढच्या वेळी पूर्वेकडे. कॅरियरची आणि क्रूझरची स्वतःची रडारं बंद, हॉकआयला जे दिसतं ते डेटालिंकवरून जहाजांना मिळतंच. दुसरं म्हणजे हॉकआय डेकवरून उडालं की लगेच उंच चढवून रडार लावू नको, नायतर बत्ती घरातूनच पेटवून निघाल्यासारखं होतं. खाली हजार-दोन हजार फुटांवरून ५०-६० मैल जाऊ दे, मग चढव, मग लाव. सपोर्ट मिशनमध्ये जागेवर पोचल्यावरच रडार सुरू करायचा पर्याय आहे, तो टिक कर. उतरताना पण तसंच, आधी रडार बंद मग घरी.

हे विमान नसलं तर काय होतं त्याचा इतिहास वाचायचा असेल तर फॉकलंडचं युद्ध वाच, १९८२, ब्रिटन विरुद्ध अर्जेंटिना. ब्रिटिशांची शेवटची मोठी कॅरियर आर्क रॉयल, तिच्यावर गॅनेट नावाची रडारवाली विमानं होती. १९७८ मध्ये तिचा शेवटचा प्रवास झाला आणि तिच्याबरोबर ती पण गेली. हर्मिस आणि इन्व्हिन्सिबल या उरलेल्या कॅरियरवरून उडायला त्या कामाचं काहीच उरलं नव्हतं. मग १९८२ मध्ये दक्षिणेत गेल्यावर विमानाचं काम जहाजांना दिलं, टाइप ४२ डिस्ट्रॉयर पुढे पश्चिमेला पहारेकरी म्हणून उभ्या केल्या. जहाजाच्या डोलकाठीवरचं रडार धर शंभर फुटांवर, आता ते वरचं वर्गमूळ लाव, १२ मैल. समोरचं मिसाइल २५ फुटांवरून येतंय, त्याचे ६ मिळव. १८ मैल, आणि एक्झोसे मिनिटाला दहा मैल चालतं. दोन मिनिटं पण नाहीत. ४ मेला त्यांतल्या शेफील्डला लागलं, २० माणसं गेली, १० मेला ती ओढून नेताना बुडाली.

यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, अर्जेंटिनाकडे पण काही हॉकआय नव्हतं. त्यांनी जुनं नेपच्यून गस्ती विमान वापरलं, सकाळपासून ते लांबून ब्रिटिश जहाजांवर लक्ष ठेवून होतं, त्याने जागा सांगितली आणि दोन सुपर एतांदार लढाऊ विमानं खालून घुसली, प्रत्येकाच्या पंखाखाली एकेकच मिसाइल. मग ब्रिटिशांना जाग आली आणि त्यांनी सी किंग हेलिकॉप्टरला बाजूला फुगणाऱ्या पिशवीत सर्चवॉटर रडार बसवून ११ आठवड्यांत नवीन प्रकार उभा केला. तो दक्षिणेत पोचला ऑगस्टमध्ये. युद्ध १४ जूनलाच संपलं होतं.

खडूस_सदाशिव

वरचं सगळं बरोबर आहे, पण मूळ प्रश्नकर्त्याने मिशनचं सेटिंग सांगितलेलंच नाही आणि सगळे भूगोलात घुसलेत. बॉक्स मागे गेला हा बग नाही. तुम्ही रेफरन्स पॉइंट, म्हणजे बॉक्सचे कोपरे, कॅरियरला जोडलेत ना? जोडताना दोन प्रकार असतात, फिक्स्ड बेअरिंग आणि रोटेटिंग बेअरिंग. रोटेटिंग घेतलं असेल तर बॉक्स जहाजाच्या नाकाला बांधला जातो. कॅरियर उत्तर-पूर्वेला तोंड करून चाललंय तोवर बॉक्स उत्तर-पूर्वेला. त्याने तोंड फिरवलं की बॉक्स पण फिरला. जहाज घाबरून दक्षिणेला पळालं असणार, बॉक्स पण दक्षिणेला, आणि हॉकआय बिचारं हुकमाचं ताबेदार.

रोटेटिंग हे पाणबुडी शोधणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी, ज्यांना जहाजाच्या पुढ्यातच राहायचंय. धोका रशियातून येतोय, रशिया काही तुमच्या जहाजाबरोबर वळत नाही. फिक्स्ड करा.

आणि मिशनचं सेटिंग पूर्ण टाका इथे. किती विमानं लावलीत, एक तृतीयांश नियम (एका वेळी एक तृतीयांशच विमानं उडवायची) चालू की बंद, थ्रॉटल म्हणजे वेग काय.

अर्धवट_अ‍ॅडमिरल

काका तुम्ही समोर बसून बघत होता का? रोटेटिंगच होतं. नाव भारी वाटलं म्हणून घेतलं 😅 आणि हो, पहिला हल्ला आल्यावर मी कॅरियर दक्षिणेला पळवलं होतं.

सेटिंग असं: सपोर्ट मिशन, चार हॉकआय, एक तृतीयांशवाला टिक काढून टाकलाय कारण तो टिक असला की एक-दोनच विमानं उडतात, बाकीची डेकवर पडून राहतात, म्हटलं पैसे वसूल करू. थ्रॉटल क्रूझ. बॉक्सचे कोपरे चार.

काल रात्री नाखवाकाकांचं ऐकून परत खेळलो, हॉकआय ३५ अंश बाजूला, कॅरियर गप्प. पहिले चार-पाच तास एकदम झकास, समोरून दोन टेहळणी विमानं आली ती चुकीच्या दिशेला शोधत बसली, मी इकडे खूश. मग वेळ पंधरापट करून पाणी प्यायला उठलो. येऊन बघतो तर गेममध्ये पहाटे ०३:४०, चारही हॉकआय एका ओळीत लँडिंगला, आणि नकाशावर उत्तर-पूर्वेला एक पण कॉन्टॅक्ट नाही. मला वाटलं चला, शांतता आहे. सात मिनिटांनी क्रूझरच्या ईएसएमवर बॅकफायरचं रडार वाजलं.

खडूस_सदाशिव

झालं. सापडलं उत्तर. शांतता नव्हती, तुमचे डोळे मिटले होते. अशा रिकाम्या नकाशावर मीही सुरुवातीला दोनदा फसलोय.

चारही एकदम उडवलीत म्हणजे चारही एकदम रिकामी होणार. तासाभराच्या फरकाने उडाली असती तर उतरताना पण फरक राहिला असता. हिशेब असा करा. ई-२सी हवेत धरा सहा तास. १५० मैल जायला, २६० नॉट्सने, ३५ मिनिटं. यायला ३५. चढणं, उतरणं, लँडिंगच्या रांगेत थांबणं, हाताशी ठेवायचं इंधन, हे सगळं वजा जाता जागेवर चार-सव्वाचार तास मिळतात. २४ तासांना सहा फेऱ्या. चार विमानांत सहा फेऱ्या म्हणजे प्रत्येकाला दिवसाला दीड. आरामात बसतं. पण ते गेममध्ये उतरलं की लगेच पुन्हा उडत नाही, रेडी टाइम लागतो, काही तासांचा, तो विमानाच्या माहितीत बघून घ्या.

म्हणून तो एक तृतीयांशचा टिक. डेकवर पडून राहिलेली विमानं फुकट गेलेली नसतात. रुग्णालयात रात्रपाळीची सिस्टर दिवसा घरी झोपते तेव्हा तिला कोणी कामचुकार म्हणत नाही. टिक चालू करा, आणि तरी विश्वास नसेल तर दोन मिशन करा, दोन-दोन विमानांची, दुसऱ्याची सुरुवात अडीच-तीन तास उशिरा. मी असंच करतो, कारण गेम बदली विमान कधी उडवेल त्याच्यावर सोडून मला झोप लागत नाही.

आणि क्रूझ कशाला, जागेवर लॉइटर, म्हणजे सावकाश घिरट्या ठेवा. त्याला कुठे पोचायचंय?

फ्रान्सच्या नौदलाकडे त्यांच्या शार्ल द गॉल कॅरियरसाठी अशी तीनच हॉकआय आहेत. तीन! त्यात एक दुरुस्तीला गेलं तर पाळी कशी लावत असतील तो विचार करा, मग तुमची चार पुष्कळ वाटतील.

बॅटरी_लो

सदाशिवरावांना +१. मी पण वर नुसतं अंतर सांगत बसलो, वेळेचं डोक्यातच आलं नाही. खरं तर १२० मैलांवर ठेवलं काय नि १७० वर ठेवलं काय, फरक तीन-चार मिनिटांचा. दोन विमानांच्या मधे पंचवीस मिनिटांची फट पडली तर सगळंच मुसळ केरात.

एक अजून. जमल्यास हल्ल्याची वेळ जवळ आली की दोन हॉकआय ठेव, एकमेकांपासून ८०-१०० मैल लांब. कारण डॉप्लरवालं रडार आडव्या जाणाऱ्या टार्गेटला कधी कधी हरवतं, तुझ्याकडेही येत नाही आणि लांबही जात नाही असं विमान समुद्राच्या गोंधळात मिसळून जातं. एकाला जो आडवा आहे तो दुसऱ्याला तिरका दिसतो.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

मी वेगळं सांगू का, शिव्या पडतील. रडार लावूच नका. हॉकआयचं स्वतःचं ईएसएम पण चांगलं आहे, नुसतं कान उघडे ठेवून फिरवा. बॅकफायर शोधताना स्वतःचं रडार लावणारच, तेव्हा कळेल. तोपर्यंत बत्ती नाही, कुर्ली नाही, म्हातारा पण नाही. मी असे दोन सिनारिओ जिंकलोय.

आणि नॉर्वेच्या किनाऱ्याचा वापर का करत नाही कोणी? कॅरियर सरळ वेस्टफियोर्डमध्ये घाला. १९८५ च्या ओशन सफारी सरावात यूएसएस अमेरिका खरंच तिथे जाऊन उभी होती. दोन्ही बाजूंना डोंगर, येणाऱ्या मिसाइलच्या रडारला जहाज कुठलं आणि कडा कुठला कळणं अवघड.

निवांत_नाखवा

शिव्या कशाला, पहिलं अर्धं बरोबर आहे. सुरुवातीचे काही तास, जोवर त्यांना तू कुठेयस माहीत नाही, तोवर गप्प राहणं उत्तम. पण एकदा का त्यांच्या उपग्रहाने किंवा बेअर टेहळणी विमानाने तुला पाहिलं, की गप्प राहून तू फक्त स्वतःलाच आंधळा करतोस. मग बत्ती पेटवायची. आणि ३८ जण येणार आहेत हे माहीत असताना त्यांच्यातला एक रडार लावील या भरवशावर बसणं माझ्या पोटाला झेपत नाही, बाकीचे ३७ गप्प आले तर?

फियोर्डचं म्हणशील तर खरंय, पण मग हॉकआयचं रडार पण डोंगरांकडे बघतं. हॉकआय फियोर्डच्या वर नाही, बाहेर समुद्रावर काढावं लागतं, म्हणजे परत तोच प्रश्न, कुठे ठेवायचं.

वास्कोची_चिंगळां

धागा छान रंगलाय. मी हे गेम खेळत नाही, नवरा खेळतो, पण या विषयातलं एक आम्हाला रोज दिसतं म्हणून लिहिते. दाबोळीला उतरताना उजवी-डावीकडे बघितलंत तर आयएनएस हंसाची हेलिकॉप्टरं दिसतात, धावपट्टी एकच ना, नेव्हीची आणि प्रवाशांची. त्यात शेपटीला पंखा नसलेलं, डोक्यावर दोन पंखे एकावर एक, ते कामोव्ह. कामोव्ह-३१ च्या पोटाखाली एक फळी दुमडलेली असते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं इस्त्रीचा टेबल अडकवलाय. ती अँटेना, सहा मीटर लांब. हवेत गेल्यावर ती खाली उघडते, चाकं वर ओढून घेतात म्हणजे तिच्या आड येत नाहीत, आणि मग ती गोल फिरते. स्क्वाड्रन आयएनएएस ३३९, २००३ पासून इथेच.

नवरा विचारतोय की विक्रांतचा सिनारिओ खेळताना हे हॉकआयसारखं वापरता येतं का, त्याचं दर वेळी इंधन संपतं. (त्याला स्वतःला लॉगिन करायचा कंटाळा.)

बॅटरी_लो

ताई, इस्त्रीचा टेबल 😂 आता मला ते तसंच दिसणार कायम.

भाऊंना सांगा, हॉकआयसारखं अजिबात वापरू नका. ते वर जातं साडेतीन हजार मीटरपर्यंत, साडेअकरा हजार फूट, क्षितिज १३० मैलांच्या आसपास, ते काही वाईट नाही. लहान लढाऊ विमान मात्र १००-१५० किलोमीटरवरच दिसतं. आणि हवेत राहतं अडीच तास. ५० मैल पुढे नेलं तर जाण्यायेण्यातच पन्नास मिनिटं, जागेवर उरला दीड तास. २४ तास डोळा उघडा ठेवायचा तर सोळा फेऱ्या. चार हेलिकॉप्टरांत ते होत नाही, दुसऱ्या दिवशी सगळी डेकवर रेडी टाइम मोजत बसतात. भाऊंचं इंधन म्हणूनच संपतंय, ते हॉकआयचं अंतर लावत असणार.

खडूस_सदाशिव

यावर एक युक्ती आहे. कामोव्ह-३१ ला विक्रांतच लागते असं नाही, तलवार वर्गाच्या फ्रिगेटवरूनही ते उडतं. एक फ्रिगेट धोक्याच्या बाजूला ४०-५० मैल पुढे आणि थोडी तिरकी काढा, हेलिकॉप्टर तिच्यावर ठेवा. मग जाण्यायेण्यात वेळ जात नाही, अडीचातले दोन तास जागेवर मिळतात, आणि शत्रूने ऐकलं तरी त्याला सापडते ती फ्रिगेट. फ्रिगेटवाल्यांना हे आवडणार नाही, पण गेममध्ये ते तक्रार करत नाहीत.

बाकी वेळ उडवूच नका. किनारा जवळ असेल तर गस्ती विमानं आणि हवाई दलाचं नेत्रा हे रडारवालं विमान वापरा. फक्त नेत्राच्या पाठीवर लांबट पट्टी आहे, हॉकआयसारखी फिरती थाळी नाही. ती दोन्ही बाजूंना मिळून २४० अंश बघते, नाकासमोर आणि शेपटीमागे आंधळी. तेव्हा तिचा फेरा धोक्याला आडवा आखा, म्हणजे कूस कायम शत्रूकडे राहील. धोक्याच्या दिशेने सरळ जा-ये करायला लावलीत तर ती सगळा वेळ जिथे बघायचं तिथेच बघत नसते. हॉकआयला हे काही लागू नाही, कसंही फिरवा.

वास्कोची_चिंगळां

फ्रिगेटची आयडिया ऐकून नवरा जेवण टाकून उठला. आभार मानू की नको ठरवतेय.

अर्धवट_अ‍ॅडमिरल

रिपोर्ट देतो. रविवार सकाळ ते दुपार, आईने तीनदा जेवायला हाक मारली.

फिक्स्ड बेअरिंग, दोन मिशन दोन-दोन विमानांची, दुसरं अडीच तास उशिरा. १५० मैल, एकदा ३५ अंश डावीकडे, एकदा उजवीकडे. जाताना दोन हजार फुटांवरून, रडार जागेवर गेल्यावर. टॉमकॅट आठ, हॉकआयच्या तीस मैल पुढे. कॅरियर चिडीचूप.

०३:४० ला श्वास रोखून बसलो होतो. या वेळी एक हॉकआय जागेवर, दुसरं निम्म्या वाटेत चढतंय. ०३:५२ ला कॉन्टॅक्ट, कॅरियरपासून ३९० मैल. दहा सेकंद नुसता बघत बसलो, इतक्या लांबून ते कधी दिसलेच नव्हते. मग फिनिक्स. मोजले, ३८ पैकी २३ मिसाइल सोडायच्या आधीच गेले. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी जिथे सोडली तिथे कॅरियर नव्हतंच, हॉकआयच्या रेघेत मागे साठ मैलांवर एक क्रूझर होती तिच्याकडे गेली. क्रूझरने झेललं बरंचसं, दोन लागली, तरंगतेय अजून.

पण. हॉकआय गेलं एक. शत्रूने नाही पाडलं. हल्ला संपल्यावर वीसच्या वर टॉमकॅट इंधन संपत आलेले एकदम उतरायला आले, आणि त्याच वेळी पहिल्या पाळीचं हॉकआय पण परत आलं. लँडिंगच्या रांगेत त्याचा नंबर सतरावा. फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि कॅरियरपासून चार मैलांवर पाण्यात. पाच माणसं असतात ना त्यात?

पुढच्या वेळी टँकर वर ठेवू का त्याच्यासाठी? ए-६ चे टँकर आहेत माझ्याकडे दोन.

खडूस_सदाशिव

पाचच. दोन वैमानिक, तीन मागे स्क्रीनसमोर.

टँकरचा उपयोग नाही, ई-२सी ला हवेत इंधन घेता येत नाही. ती सोय ई-२डी ला आली आणि ती पण २०१९ नंतर. तुम्ही १९८६ मध्ये आहात. टँकर टॉमकॅटना लावा, त्यांना वर थांबवा, आणि हॉकआयला आधी उतरवा, हाताने, मिशनमधून काढून. हल्ल्याच्या अंदाजाच्या तासभर आधीच पाळी बदलून घेतलीत तर ही वेळच येणार नाही.

अर्धवट_अ‍ॅडमिरल

म्हणजे ०२:५० ला बदली. ठीक. सेव्ह ०१:३० चा आहे माझ्याकडे, जेवून बसतो.